घरकाम करणाऱ्या मावशींची तीन खाती आणि माझा एक प्रश्न (ऐरोली-दिघा)

खाडीकाठ (ऐरोली)

आमच्या सोसायटीत सात मावशी कामाला येतात. चौघी दिघ्याहून, दोघी रबाळ्याच्या डोंगराकडच्या वस्तीतून, एक चिंचपाड्यातून. २०२४ च्या पावसाळ्यात लाडकी बहीण योजनेचे अर्ज निघाले तेव्हा मी सगळ्यांचे अर्ज माझ्या मोबाइलवरून भरले. तेव्हापासून बँकेचं काहीही निघालं की त्या माझ्याकडे येतात. या काळात जे पाहिलं ते इथे लिहिते आहे, कारण एकटीने विचार करून मला ते सुटलेलं नाही.

त्या ऑगस्टमध्ये राखीपौर्णिमेच्या आधी पहिले ३,००० रुपये जमा झाले. सहाजणींचे आले. आमच्याकडे पोळ्या करणाऱ्या मावशींचे आले नाहीत. त्यांनी जनधन खातं असलेल्या शाखेत चार खेपा घातल्या. सकाळी ७ ते दुपारी ३ त्या पाच घरांत कामाला असतात आणि शाखा दुपारी ४ ला बंद होते, काम संपवून निघालं तर रांगेला वेळ उरत नाही. म्हणजे प्रत्येक खेपेला दोन घरांचं काम बुडवायचं. शाखेतून दर वेळी एकच उत्तर मिळालं, ‘पैसे आलेले नाहीत.’ उत्तर खरं होतं. पैसे त्या खात्यात आलेच नव्हते.

मग मी त्यांना समोर बसवून आधारच्या संकेतस्थळावर बँक जोडणीची स्थिती पाहिली. तिथे भलत्याच बँकेचं नाव होतं. मावशींनी ते नाव कधी ऐकलंही नव्हतं. काही वर्षांपूर्वी सिमकार्ड घेताना दुकानदाराने दोनदा अंगठा घेतला होता, एवढं त्यांना आठवलं. त्या दुसऱ्या अंगठ्याने एक खातं उघडलं गेलं होतं आणि आधार तिकडे जोडलं गेलं होतं. ते सिम आता मुलाच्या फोनमध्ये आहे. मुलगा वेगळा राहतो.

जनधनचं एक, जुन्या कंत्राटदाराने पगारासाठी काढायला लावलेलं दुसरं, आणि हे तिसरं. कागदावर पाहिलं तर या बाईपर्यंत बँकिंग तीनदा पोचलं आहे.

जागतिक बँकेच्या फिंडेक्स पाहणीनुसार भारतात २०११ मध्ये ३५ टक्के प्रौढांचं खातं होतं, २०२१ मध्ये ७८ टक्के. दहा वर्षांत एवढी झेप ही साधी गोष्ट नाही आणि मला ती मनापासून मोठी वाटते. पण त्याच २०२१ च्या पाहणीत असंही दिसलं की आपल्याकडे खातं असलेल्यांपैकी साधारण ३५ टक्के लोकांनी वर्षभरात ते एकदाही वापरलं नव्हतं. जगात तेव्हा फार कमी देशांत हे प्रमाण इतकं होतं.

म्हणून विचारते. बँक गरीब माणसापर्यंत पोचली असं नेमकं कधी म्हणायचं? तुमच्यापैकी कुणी बँकेत काम केलं असेल, कुणाच्या घरात हे घडलं असेल, तर सविस्तर लिहा.

---

निवृत्त_शाखाधिकारी (नौपाडा, ठाणे)

ताई, विषय काढलात ते फार बरं केलंत. माझी ३४ वर्षं राष्ट्रीयीकृत बँकेत गेली, त्यातली पहिली सहा मुरबाड तालुक्यात. जरा मागून सांगतो, म्हणजे आजचं नीट दिसेल.

१९ जुलै १९६९ ला १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं तेव्हा देशभरात सुमारे ८,२०० शाखा होत्या आणि त्या बहुतेक शहरांत. त्याच वर्षाअखेर अग्रणी बँक योजना आली, म्हणजे प्रत्येक जिल्ह्याची जबाबदारी एका बँकेवर. आपल्या ठाण्याची बँक ऑफ महाराष्ट्रकडे आहे. मग १९७७ मध्ये रिझर्व्ह बँकेने नियम घातला: जिथे बँक आहे तिथे एक नवी शाखा हवी असेल, तर जिथे बँकच नाही अशा चार ठिकाणी शाखा उघडा. १९९० पर्यंत शाखा ५९ हजारांच्या पुढे गेल्या. त्यानंतर तो नियम सुटला.

आमची शाखा तीन माणसांची होती. मी, रोखपाल आणि शिपाई. रोखपाल गावातलाच असल्याने सही न करणाऱ्या माणसाचा अंगठा कुणाचा हे त्याला चेहऱ्यावरून कळायचं. आठवडी बाजाराच्या दिवशी आमच्यापैकी एक जण बाजारातच टेबल टाकून बसायचा. आयआरडीपी या गरीब कुटुंबांसाठीच्या सरकारी योजनेतून म्हशींसाठी कर्ज निघायचं, तेव्हा म्हसा यात्रेत जनावर बघायलाही मी गेलो आहे. त्यातली कित्येक कर्जं बुडाली हे लपवत नाही. वरून आकडा यायचा आणि मार्चच्या आत तो भरायचा. माणूस न पाहता दिलेलं कर्ज बुडायचं. ज्याच्या घरी आम्ही जाऊन आलो होतो त्याचं सहसा यायचं.

नोव्हेंबर २००५ मध्ये रिझर्व्ह बँकेने किमान शिल्लक ठेवायची अट नसलेली साधी खाती काढायला सांगितली, २०१२ मध्ये त्याचंच मूलभूत बचत खातं झालं. जानेवारी २००६ मध्ये बँकेच्या वतीने व्यवहार करणारे प्रतिनिधी, म्हणजे आजचे बँक मित्र, नेमायला परवानगी मिळाली. २८ ऑगस्ट २०१४ ला जनधन सुरू झालं. त्या वेळी मी कळव्याच्या बाजूला होतो. आम्ही रविवारीही शिबिरं लावली, रात्री दहापर्यंत फॉर्म भरले. आज त्यावर टीका ऐकतो तेव्हा वाईट वाटतं, कारण त्या रांगेत अशा बायका होत्या ज्यांनी बँकेच्या दारात पाऊलही टाकलं नव्हतं. रखवालदार हटकेल म्हणून त्या बाहेरच उभ्या राहायच्या.

पण तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर असं. खातं उघडायला आम्हाला उद्दिष्ट होतं, माणसं दिली होती, बक्षिसं होती. ते खातं पुढे चालू राहावं म्हणून कुणालाच काही दिलेलं नव्हतं.

मावशींच्या बाबतीत एक नीट लक्षात घ्या. सरकारी अनुदानासाठी एका आधारला एकच खातं धरलं जातं, ज्याला सर्वांत शेवटी आधार जोडलं ते. खाती कितीही असोत. त्यामुळे ज्या शाखेत पैसे हवेत तिथे आधार जोडणीचा संमतीपत्राचा फॉर्म पुन्हा भरायचा, म्हणजे पुढचे हप्ते तिकडे वळतील. आधीचे जे पडले आहेत ते मात्र त्याच तिसऱ्या खात्यातून काढावे लागतील.

---

हिशेबी (माइंडस्पेस, ऐरोली)

काका, आदर ठेवून थोडं वेगळं म्हणतो. मी बँकांच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, तेव्हा खर्चाची बाजू रोज पाहतो. तीन माणसांची शाखा चालवायची तर भाडं, पगार, रोकड ने-आण, विमा हे सगळं आलं. ज्या खात्यात सरासरी दोन-तीन हजार शिल्लक असते, त्यावर बँकेला त्यातला एका महिन्याचा खर्चही सुटत नाही. १९९० नंतर खेड्यांतल्या शाखा वाढण्याचा वेग मंदावला त्यामागे हेच गणित होतं.

एप्रिल २०१६ मध्ये यूपीआय आलं आणि हे गणित बदललं. ठाणे स्टेशनबाहेर जांभळी नाक्यावर कोथिंबीर विकणाऱ्या आजींकडे कोड लावलेला आहे. त्यांना शाखा लागली नाही. शिवाय रोजच्या विक्रीची नोंद झाली, उद्या कर्ज मागायला तीच नोंद कामी येते. पीएम स्वनिधी २०२० मध्ये आली तेव्हा फेरीवाल्याला तारण न देता पहिले १०,००० मिळत होते, वेळेवर फेडले की २०,०००, मग ५०,०००. सावकाराकडून सकाळी ९०० घेऊन संध्याकाळी १,००० देणारा माणूस यातून सुटू शकतो. हा माझ्या दृष्टीने गेल्या दहा वर्षांतला सगळ्यात मोठा बदल आहे.

---

दिघा_बँकमित्र

हा धागा मला एका ग्राहकाने पाठवला, म्हणून खास लिहायला आलो. मी सहा वर्षं ग्राहक सेवा केंद्र चालवतो. १० बाय ८ चा गाळा आहे, अर्ध्यात झेरॉक्स आणि रिचार्ज, अर्ध्यात बँक.

हिशेबी दादा, तुमचं खोटं नाही. पण तो कोड कुणाच्या खात्याचा आहे हे एकदा आजींना विचारा. माझ्याकडे येणाऱ्या भाजीवाल्या बायकांपैकी बऱ्याच जणींचा कोड मुलाच्या नाहीतर नवऱ्याच्या खात्याला आहे, कारण स्मार्टफोन त्याच्याकडे. दिवसभर बाई विकते आणि मेसेज त्याला जातो. संध्याकाळी उद्याच्या मालासाठी पैसे मागायला लागतात. साधं खातं असतं तिथेही नंबर दुसऱ्याचाच. जनधनच्या वेळी घरात एकच फोन असायचा, तोच नंबर चौघांच्या फॉर्मवर टाकला गेला.

आता आमचं सांगतो. माझ्याकडे रोज साठ-सत्तर माणसं येतात. पगार झाला की शंभर. सगळ्यात जास्त काम अंगठ्यावर पैसे काढण्याचं. नाका कामगार, तळोजा-रबाळे एमआयडीसीतले हेल्पर, घरकाम करणाऱ्या बायका. सिमेंट, केमिकल आणि भांड्याच्या पावडरने यांच्या बोटांवरच्या रेषा गेलेल्या असतात. अंगठा चार वेळा नापास होतो. मी ओल्या फडक्याने बोट पुसतो, थोडं क्रीम लावतो, मग मधलं बोट लावून बघतो. एका माणसाला कधी दहा मिनिटं जातात, मागे रांग. एवढं करून तो ५०० रुपये काढतो. त्याचे माझ्या हातात रुपया-दीड रुपया येतात. दहा हजार काढले तर दहा-बारा रुपये. वर रोकड माझी. सकाळी दीड लाख घेऊन बसायचं, ते संपले की शाखेत पळायचं, स्टेशनच्या गर्दीतून पिशवी छातीशी धरून यायचं. काही झालं तर जबाबदारी माझी.

म्हणून काही जण ग्राहकाकडून दहा-वीस रुपये कापतात. नियमाने ते चुकीचं आहे, बँक मित्राने ग्राहकाकडून स्वतः काही घ्यायचं नाही. मी घेत नाही. पण झेरॉक्सचं मशीन नसतं तर माझं केंद्र दुसऱ्याच वर्षी बंद झालं असतं, हेही तितकंच खरं.

आणखी एक, सगळ्यांना कामाचं. अंगठा लावला, खात्यातून पैसे कापले गेले, पण हातात आले नाहीत, असं झालं तर घाबरू नका आणि पावती टाकू नका. पाच दिवसांच्या आत पैसे परत यायला हवेत. त्यानंतरच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई बँकेने द्यायची, असा रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम आहे. मी केंद्रात मोठ्या अक्षरात लावलाय.

---

कोयनाकाठ (कोपरखैरणे)

बँकमित्र भाऊ, तुमचा प्रतिसाद वडिलांना वाचून दाखवला. ते कांदा-बटाटा मार्केटला माथाडी होते, आता घरीच असतात. त्यांनी सांगितलेलं लिहितो.

माथाडी बोर्ड होण्याआधी मशीद बंदरला मजुरीचा हिशेब तोंडी असायचा. किती गोणी उचलल्या ते दुसरा सांगणार आणि तो देईल ते घ्यायचं. आजोबांची उचल कधी फिटलीच नाही. अण्णासाहेब पाटलांनी माथाडींना एकत्र आणलं, १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला आणि मग बोर्डं आली. व्यापाऱ्याने मजुरी आणि वर लेव्ही, म्हणजे मजुरीवरची ठरावीक टक्केवारी, बोर्डात भरायची, बोर्डाने टोळीप्रमाणे वाटणी करून कामगाराचा पगार खात्यावर द्यायचा. भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, रजेचा पगार सगळं त्यातून. वडिलांचं पहिलं बँक खातं त्यामुळे निघालं आणि ते एक दिवसही बंद पडलं नाही, कारण दर महिन्याला त्यात काहीतरी येत होतं. पुढे सिडकोच्या घराला कर्ज मागायला गेले तेव्हा पगाराचा कागद दाखवता आला. माथाडीला घरासाठी कर्ज! आम्ही आज ज्या खोलीत राहतो ती त्यातली.

काकांनी १९६९ च्या बँकांचं लिहिलंय. त्याच वर्षीच्या या कायद्याने आमच्या घरात बँक आणली, असं मी म्हणेन. उत्पन्न लिहिलं जायला लागलं की बँकेला माणूस दिसतो. मावशींच्या पाच घरांच्या पगाराची नोंद कुठे आहे? तुम्ही त्यांना रोख देत असाल ना, ताई?

आणि दुसरं पिग्मीचं. मार्केटमध्ये संध्याकाळी पिग्मीवाला यायचा. वडील रोज वीस रुपये देत, तो छोट्या पुस्तकात लिहून सही करी. आमच्या दहावी-बारावीच्या फिया त्या पुस्तकातून गेल्या. आई अजून म्हणते, बँकेत जाऊन वीस रुपये कुणी भरलं असतं?

---

निवृत्त_शाखाधिकारी (नौपाडा, ठाणे)

कोयनाकाठ, पिग्मीचा उल्लेख वाचून फार आनंद झाला. ती कल्पना सिंडिकेट बँकेची, १९२८ सालची, उडुपी भागातली. रोज दोन आणे गोळा करायचे, दारात जाऊन. तेव्हा संगणक नव्हता, आधार नव्हतं, टपालाशिवाय काही नव्हतं. विणकर आणि मजूर संध्याकाळी जे हाताशी असेल ते द्यायचे. आज आपण बँक मित्र म्हणतो त्याचा मूळपुरुष तोच. ठेवी त्याने आणल्या आणि बँकेने त्याला त्यावर टक्केवारी दिली, म्हणून तो रोज आला.

फक्त एक सावधगिरी सर्वांसाठी. पिग्मी बँकेची आहे की पतपेढीची, हे विचारून घ्या. बँक सहकारी असली तरी ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो, फेब्रुवारी २०२० पासून ती मर्यादा वाढली. पतपेढीच्या ठेवीला हा विमा नाही. दोन्हींच्या पाट्या सारख्या दिसतात आणि पिग्मीवालाही ओळखीचा असतो, म्हणून लोक फसतात. मी स्वतः दोन कुटुंबांना यात उभी आयुष्याची पुंजी घालवताना पाहिलं आहे.

---

नैरोबीहून_परत (घोडबंदर रोड)

कामानिमित्त सात वर्षं केनियात होतो, म्हणून तिथलं थोडं.

एम-पेसा ही फोनवरून पैसे पाठवायची सेवा मार्च २००७ मध्ये सफारिकॉम या मोबाइल कंपनीने सुरू केली. लोक म्हणतात मोबाइलने क्रांती केली. मी जे पाहिलं त्यात मोबाइल अर्धाच होता, उरलेलं काम दुकानदाराचं. किराणा, औषधं, खतं विकणारा माणूस हिरवी पाटी लावतो. तुम्ही रोख देता, तो तुमच्या फोनवर जमा करतो. गावी आईच्या फोनवर पाठवता, ती तिच्या गावच्या दुकानातून रोख घेते. साध्या बटणांच्या फोनवर चालायचं. पैसे पाठवणाऱ्याकडून थोडी फी घेतली जाते आणि त्यातला वाटा दुकानदाराला मिळतो. त्याला परवडतं म्हणून तो रात्री आठपर्यंत बसतो. लोकांचे पैसे कंपनी स्वतःकडे ठेवत नाही, ते बँकांत विश्वस्त खात्यांत असतात.

ब्राझीलनेही वेगळ्या वाटेने हेच केलं. तिथे सरकारी बँकेने लॉटरीच्या दुकानांतून व्यवहार सुरू केले आणि २००३ पासून गरीब कुटुंबांचं अनुदानही त्याच खिडकीतून मिळायला लागलं.

पण केनियाची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय राहवत नाही. २०१२ पासून त्याच फोनवर बचत आणि छोटी कर्जं सुरू झाली. पुढे कर्ज देणाऱ्या अॅपची रीघ लागली. माझ्या कार्यालयातला चालक एका अॅपचं कर्ज दुसऱ्यातून फेडत होता. अखेर २०२२ मध्ये तिथल्या मध्यवर्ती बँकेला अशा अॅपवाल्यांसाठी परवाने आणि नियम आणावे लागले. पैसे पाठवण्याची सोय झाली आणि त्याच दारातून कर्ज आत आलं. आपल्याकडे तेच होतंय असं दिसतं.

---

दिवा_जलद

नैरोबीदादा, होतंय नाही, झालंय. दिव्याला आमच्या चाळीत या.

मी बचत गटाची सचिव आहे, अकरा वर्षं झाली. आम्ही बाराजणी. महिन्याला शंभर रुपयांपासून सुरुवात केली, दर १० तारखेला बैठक, वहीत सगळ्यांसमोर नोंद. आधी एकमेकींत कर्ज दिलं, दवाखान्याला, शाळेला. दीड वर्ष वही नीट ठेवली तेव्हा बँकेने गटाला पहिलं कर्ज दिलं. हे बँक जोडणीचं काम नाबार्डने १९९२ मध्ये पाचशे गट घेऊन करून पाहिलं होतं, त्यातून देशभर झालं. आमच्या बैठकीला शाखेतल्या मॅडम दोनदा स्वतः आल्या, चटईवर बसल्या, वही पाहिली. त्यांनी आमचा पैसा कुठून येतो हे विचारलं होतं. कर्ज त्याप्रमाणे दिलं.

छोटी कर्जं देणाऱ्या कंपन्यांचे फायनान्सवाले आले ते एका दुपारी. आधार द्या, दहाजणींचा ग्रुप करा, परवा पैसे. बैठक नाही, बचत नाही, वही नाही. शेजारच्या ताईंनी चार ठिकाणचं घेतलं. एकाचा हप्ता सोमवारी, एकाचा बुधवारी. नवऱ्याची रिक्षा दोन महिने बंद राहिली आणि सगळं अंगावर आलं. वसुलीवाला रात्री नऊला येऊन दारात बसायचा. एकीचा हप्ता चुकला की दहाजणींचीच अब्रू जाते, म्हणून बाकीच्या नऊजणीही तिच्यावरच ओरडायच्या. तिने मंगळसूत्र मोडलं.

तेव्हा मी नियम शोधून काढले. घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत, हा रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा नियम आहे. तीन लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांना दिलेल्या विनातारण कर्जाला तो लागू आहे. आणि वसुलीसाठी सकाळी ९ च्या आधी, संध्याकाळी ६ च्या नंतर त्रास द्यायचा नाही. हे मी त्या माणसाला कागद दाखवून सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून तो दिवसा यायला लागला. चाळीत पन्नास घरं आहेत, हा नियम एकीलाही माहीत नव्हता. कर्ज देताना कुणी सांगत नाही.

ताई, तुमचा प्रश्न बँक पोचली कधी म्हणायचं. आमच्याकडे ती मॅडम चटईवर बसली तेव्हा पोचली. पुढे तिची बदली झाली. नवीन साहेब म्हणतात वही शाखेत घेऊन या.

---

हिशेबी (माइंडस्पेस, ऐरोली)

दिवा_जलद ताई आणि बँकमित्र दादा, दोघांचं वाचून काल जांभळी नाक्यावर मुद्दाम थांबलो. कोड आजींच्या नातवाच्या खात्याचा आहे. आजींना त्याची तक्रार नाही, नातू चांगला आहे. पण विक्रीची नोंद नातवाच्या नावावर होते आहे, म्हणजे कर्जाची पतही त्याचीच तयार होते. मी ज्याला आजींची प्रगती म्हणत होतो ती कागदावर त्यांची नाहीच. हे मी लक्षात घेतलं नव्हतं.

खर्चाचा मुद्दा मात्र सोडत नाही. बँकमित्राला ५०० रुपयांच्या व्यवहाराला रुपया मिळत असेल तर तो टिकणार नाही, आणि तो गेला तर बाकी सगळी यंत्रणा असून नसल्यासारखी. मग हा खर्च कुणी उचलायचा? ग्राहकाने नाही, इथवर एकमत आहे. अनुदान सरकारचं आहे, ते वाटण्याचं कमिशन सरकारने वाढवावं असं माझं मत. मोठ्या वस्त्यांत बँकेने केंद्राला महिन्याची ठरावीक रक्कमही द्यावी. व्यवहार किती झाले यावरच सगळं ठेवलं तर तो १०,००० वाल्यालाच आधी पुढे घेणार.

---

दिघा_बँकमित्र

ठरावीक रक्कम मिळाली तर मी एक मुलगी ठेवेन. बायका तिच्याशी मोकळ्या बोलतील, शिल्लक किती हे मला विचारायलाही काही जणी लाजतात.

---

कोयनाकाठ (कोपरखैरणे)

गावाकडे पोस्टमन हे करतो, ते सांगायचं राहिलं. सप्टेंबर २०१८ मध्ये इंडिया पोस्ट पेमेंट्स बँक सुरू झाली, तेव्हापासून त्याच्याकडे फोन आणि अंगठ्याचं यंत्र असतं. माझी चुलती पाटण तालुक्यात डोंगरावर राहते. पैसे कुठल्याही बँकेत असोत, पोस्टमन ओट्यावर बसून काढून देतो. पूर्वी हाच माणूस आमची मनीऑर्डर आणायचा, पत्र वाचूनही दाखवायचा. त्याला सरकारी पगार आहे, म्हणून दोन-चारशे रुपयांसाठीही तो थांबतो. हिशेबींच्या प्रश्नाचं उत्तर यात आहे असं मला वाटतं.

---

खाडीकाठ (ऐरोली)

सगळ्यांचे मनापासून आभार. प्रत्येक प्रतिसाद दोनदा वाचला. कोयनाकाठ, हो, आम्ही रोखच देत होतो. सोसायटीच्या ग्रुपवर विषय काढला. तीन घरांनी या महिन्यापासून पगार खात्यावर टाकायचं ठरवलं, पण मावशींना आधी विचारून. दोघींनी स्पष्ट नको म्हटलं. एक म्हणाली, ‘खात्यावर आले की घरी कळतं. हातात असले की मी ठरवते.’ हे ऐकून मी गप्प झाले. तिला तिच्याच खात्यापेक्षा पदराची गाठ जास्त सुरक्षित वाटते, आणि तिच्या घरात ते खरं आहे. तिला खात्यावरच घ्या असा आग्रह मी धरणार नाही. तिचा नंबर आधी तिच्या फोनचा करून द्यायचा, मग ती म्हणेल तसं.

पोळ्यांच्या मावशींचं झालं ते सांगते. मुलाला फोन करून त्याच्याकडून ओटीपी घेतले आणि तिसऱ्या खात्यातले पैसे काढून आणले. तेव्हा कळलं की तिथे लाडकी बहीणच नाही, त्याआधीची गॅसची सबसिडीही पडून होती. मग शनिवारी जनधनच्या शाखेत गेलो. दुसरा शनिवार होता, शाखा बंद. पुढच्या शनिवारी पुन्हा. तिथे नवीन अडचण, आधारवर सासरचं नाव, पासबुकावर माहेरचं. खातं काढून देणाऱ्याने लग्नाआधीचं रेशनकार्ड बघून लिहिलं होतं. खिडकीवरच्या तरुण मुलीने राजपत्राची जाहिरात लागेल म्हणून आधी परत पाठवलं, मग मावशींचं विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र पाहून स्वतःच व्यवस्थापकांकडे गेली आणि काम करून आणलं. त्या मुलीने अर्धा तास दिला. मागे रांग होती, तरी दिला. मोबाइल नंबरही तेव्हाच बदलला.

परवा १,५०० चा मेसेज मावशींच्या स्वतःच्या बटणांच्या फोनवर आला. त्या पोळ्या लाटत होत्या. पिठाच्या हाताने फोन माझ्यासमोर धरला आणि म्हणाल्या, ‘ताई, माझ्याच नावाने आलाय ना, वाचा.’ वाचून दाखवला. मग आकडा कुठे लिहिलेला असतो ते दाखवलं. पुढचा त्या स्वतः ओळखतील असं म्हणाल्या.

बाकीच्या सहाजणींची पासबुकं काल पाहिली. चौघींच्या खात्यावर दुसऱ्याचा नंबर आहे. दोघींची खाती केवायसी जुनी झाल्याने अडकली आहेत. बँकमित्र भाऊ, दिघा आमच्यापासून एक स्टेशन आहे. रविवारी दुपारी ३ नंतर सगळ्या मोकळ्या होतात. एखाद्या रविवारी आमच्या सोसायटीच्या गेटजवळ बसता येईल का? जागा, टेबल, चहा माझ्याकडे.

---

निवृत्त_शाखाधिकारी (नौपाडा, ठाणे)

मीही येतो. फॉर्म भरायला दोन हात होतील. केवायसीसाठी अडकलेलं खातं पुन्हा चालू करायला बँक शुल्क घेऊ शकत नाही. कुणी मागितलं तर मी आहे. ज्यांचं वय १८ ते ७० आहे त्यांना २० रुपये वर्षाचा अपघात विमा आहे का तेही बघू. २ लाखांचं संरक्षण असतं आणि हप्ता खात्यातून जातो. खातं अडकलं असेल तर हप्ता गेलेला नसतो, घरच्यांना ते अपघातानंतर कळतं.

---

दिवा_जलद

मी आमच्या गटातल्या दोघींना घेऊन येते. वही कशी ठेवायची ते दाखवू, त्या सातजणींना हवं असेल तर.

---

दिघा_बँकमित्र

येत्या रविवारी जमेल. केंद्राबाहेर बसायचं म्हणून शाखेत विचारलं, साहेब हो म्हणाले. नंबर बदलणं आणि केवायसी मी यंत्रावर पूर्ण करू शकत नाही, फॉर्म आणि कागद गोळा करून सोमवारी शाखेत देईन, पोच तुमच्याकडे आणून देईन. शिल्लक बघणं, पैसे काढणं तिथेच होईल. सगळ्यांना आधार, पासबुक आणि स्वतःचा फोन आणायला सांगा, मुलाचा नको. आणि रविवारी सकाळी शक्य झालं तर भांड्याच्या पावडरीचं काम हातमोजे घालून करायला सांगा, नाहीतर अंगठा उमटणार नाही. नाहीच उमटला तर दुसरी बोटं आहेत, सगळी दहा लावून बघू.